तालुक्याची टॉकीज कधी उघडली, कधी बंद पडली? रीळ, सॅटेलाईट आणि शंभर रुपयांचं गणित

२०२५ मध्ये 'शंभर रुपये' हा आकडा सिनेमाच्या बातम्यांत दोनदा आला. १ ऑगस्टला आमिर खानने 'सितारे जमीन पर' यूट्यूबवर टाकला, भाडं शंभर रुपये. सिनेमा थिएटरला लागून तेव्हा फक्त सहा आठवडे झाले होते, आणि चॅनलचं नाव काय, तर 'आमिर खान टॉकीज'. मग २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के होते, ते तसेच राहिले.

मी मूळचा भूमचा. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. शाळेत असताना सिनेमा म्हटलं की आमच्या घरी बार्शीचं नाव निघायचं. त्यामुळे ही करकपात वाचल्यावर पहिला विचार मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचा आला नाही. तिथे शंभरच्या आत तिकीट मिळतं कुठे? विचार आला तो एका पडद्याच्या टॉकीजचा. या कपातीने अशा टॉकीजला किती फरक पडेल? आणि त्याआधीचा प्रश्न, म्हणजे अशा टॉकीज बंद नेमक्या कशाने पडल्या? 'लोक मोबाईलवर बघायला लागले' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे. मला ते अर्धंच वाटतं.

आधी हिशोब

समजा, एक टॉकीज आहे. ४०० खुर्च्या, दिवसाला ४ शो. म्हणजे रोज १,६०० जागा. त्यातल्या दहा टक्के भरतात असं धरू, तर १६० तिकिटं. तिकीट करासकट ९० रुपये. जुन्या १२ टक्के दराने या नव्वदमधले ८० रुपये ३६ पैसे थिएटरच्या खात्यात राहायचे. नव्या ५ टक्क्यांनी ८५ रुपये ७१ पैसे राहतात. तिकिटामागे ५ रुपये ३५ पैसे जास्त. दिवसाचे झाले साधारण ८५६ रुपये. सिनेमाचा वितरक निम्मा वाटा नेतो असं मानलं, तर मालकाच्या हाती ४२८ उरतात. महिन्याला पावणेतेरा हजारांच्या आसपास.

म्हणजे मालकाने दर कमी केला नाही, तर दारावरच्या एका माणसाचा पगार निघतो. आणि पूर्ण फायदा प्रेक्षकाला दिला, तर प्रेक्षकाचे पाच रुपये वाचतात. पाच रुपये वाचले म्हणून कोणी पिक्चरला जाईल का? मला नाही वाटत. आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या गावच्या टॉकीजचे माहीत असतील तर ते घालून बघा, पण चित्र फार बदलणार नाही. करकपात चांगली आहे, आधीच चालू असलेल्या टॉकीजला टेकू मिळेल. बंद पडलेली टॉकीज त्याने उघडणार नाही, कारण ती करामुळे बंद पडलीच नव्हती.

दुसरीकडे यूट्यूबचे शंभर रुपये हे माणशी नाहीत, घरामागे आहेत. चौघांच्या कुटुंबाला माणशी पंचवीस पडतात, आणि एसटीचं तिकीट नाही, मध्यंतरातला वडापाव नाही.

मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या वेव्ह्ज परिषदेत आमिर खान म्हणाला होता की भारतात पडदे साधारण दहा हजार, अमेरिकेत चाळीस हजार, चीनमध्ये नव्वद हजार. आपल्या दहा हजारांतले निम्मे दक्षिणेत. एकशे चाळीस कोटी लोकांना दहा हजार पडदे, म्हणजे एका पडद्यामागे एक लाख चाळीस हजार माणसं. हे सांगून तीन महिन्यांच्या आत त्याने स्वतःचा सिनेमा फोनवर आणला. त्याच्या बाजूने बघितलं तर सरळ आहे: जिथे पडदाच नाही, तिथे तिकीट विकणार कोणाला?

चार किलोमीटरचं रीळ

आता तंत्राकडे येऊ. टॉकीज उघडण्या-मिटण्याच्या तारखा बघायला लागलं की प्रत्येक वेळी मागे एखादं यंत्र सापडतं.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये आर्यन सुरू झालं. ही सगळी मुक्या चित्रपटांची दुनिया. मग १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलायला लागला. आपण आजही 'टॉकीज' म्हणतो तो शब्द तिथला. बोलपटाला ॲम्प्लिफायर हवा, स्पीकर हवे, न अडखळणारी वीज हवी. ज्याला हे परवडलं तो टिकला. म्हणजे यंत्र बदललं की थिएटरांची चाळणी होते, हा प्रकार पंचाण्णव वर्षं जुना आहे.

त्यानंतर मात्र मूळ यंत्रणा जवळजवळ ऐंशी वर्षं तशीच राहिली: ३५ मिलिमीटर रुंद फिल्म, सेकंदाला २४ चित्रं. एक फूट फिल्मवर १६ चित्रं मावतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा सिनेमा १३,५०० फूट होतो, चार किलोमीटरपेक्षा जास्त. २,००० फुटांचं एक रीळ धरलं तर सात रिळं. एक रीळ बावीस मिनिटांत संपणार, म्हणून केबिनमध्ये दोन मशीन. जुन्या सिनेमात पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो, पाहिलाय? तो ऑपरेटरसाठी असायचा. पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की प्रकाश त्याच्यावर न्यायचा. जमलं तर प्रेक्षकाला कळतही नाही, नाही जमलं तर शिट्ट्या. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटती ठेवायची, आणि त्या जळून आखूड होतील तशा जवळ सरकवत राहायचं. पुढे झेनॉनचा दिवा आला.

फिल्मची प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच काढायच्या. आधी मुंबई-पुणे, मग जिल्ह्याचं ठिकाण, मग बार्शीसारखं व्यापारी गाव आणि शेवटी लहान तालुके, जत्रा. रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून आणि रेल्वेने फिरायच्या. आपल्याकडे पोचेपर्यंत प्रिंटवर पावसासारख्या उभ्या रेघा पडलेल्या असत.

या रांगेत सगळ्यात शेवटी होते टुरिंग टॉकीजवाले. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, जत्रेच्या मैदानात तंबू, सतरंजीवर प्रेक्षक. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षं खपून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. गंजलेली मशीन, न पोचलेली रिळं आणि शेवटी ट्रकमध्ये चढणारा डिजिटल प्रोजेक्टर, सगळं त्यात आहे. मिळाला तर नक्की बघा. (फोनवर बघितला तरी चालेल, पण इयरफोन लावा, मशीनच्या आवाजासाठी.)

रांगेतला शेवटचा माणूस वाट बघत नाही

ही रांग हाच त्या व्यवसायाचा कच्चा दुवा होता. पुण्यात लागलेला सिनेमा आपल्याकडे काही महिन्यांनी येणार, आणि या मधल्या काळात जो तो पर्याय शोधणार. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, नव्वदीत केबलवाला आला, मग सीडी. माझ्या कॉलेजच्या काळात मोबाईल रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळायचं. चार जीबीच्या कार्डात पाच-सहा पिक्चर, थिएटरात चोरून शूट केलेले, मध्येच एखाद्याचं डोकं आडवं येणारे. हे बेकायदा होतंच. पण तो दुकानदार एक सोय विकत होता: शुक्रवारचा सिनेमा सोमवारी तालुक्यात. टॉकीजला ती देता येत नव्हती.

ती सोय कायदेशीर मार्गाने आणली डिजिटलने. मुंबईची यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईची क्यूब या कंपन्यांनी २००५ च्या आसपास याला सुरुवात केली. यूएफओने थिएटरच्या छतावर डिश बसवली. सिनेमाची फाईल उपग्रहावरून खाली येऊन थिएटरमधल्या सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर साठते. प्रिंट काढायचा खर्च नाही, पेट्यांची वाट बघणं नाही. मुंबईत आणि तालुक्यात एकाच शुक्रवारी पहिला शो. आमच्यासारख्या गावांसाठी ही फार मोठी गोष्ट होती, हे आधी मान्य करायला हवं. पुढे मी जी तक्रार करणार आहे ती हे मान्य करून.

कुलूप, किल्ली आणि घड्याळ

डिजिटल सिनेमाची फाईल नुसती कॉपी करून लावता येत नाही. ती एनक्रिप्ट केलेली असते. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये जे मानक ठरवलं, त्यात चित्र आणि आवाज एईएस-१२८ पद्धतीने कुलूपबंद करतात. ते उघडायची किल्ली वेगळ्या छोट्या फाईलमध्ये येते, तिला केडीएम म्हणतात. ती किल्लीही कुलपात असते, आणि ते कुलूप फक्त एकाच विशिष्ट सर्व्हरला उघडता येतं. बार्शीसाठी पाठवलेली किल्ली करमाळ्यात चालणार नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज मधल्या कोणाला वाचता येत नाही, त्यामागेही असंच दोन किल्ल्यांचं तत्त्व असतं.

शिवाय किल्लीला वेळ बांधलेली असते: या शुक्रवारी सकाळपासून पुढच्या गुरुवारी रात्रीपर्यंत. मुदत संपली की फाईल डिस्कवर असूनही उघडत नाही. मग सर्व्हरचं घड्याळ मागे केलं तर? तो विचार त्यांनी आधीच केलाय. या मानकानुसार ते घड्याळ वर्षभरात सहा मिनिटांपेक्षा जास्त हलवता येत नाही. (गेममध्ये जास्तीची 'लाईफ' मिळवायला फोनची तारीख पुढे करणाऱ्यांनी हात जोडावेत असं डिझाईन आहे.) आपल्याकडच्या लहान थिएटरांत बहुतेक ठिकाणी या मानकापेक्षा स्वस्त यंत्रणा असते, तिला ई-सिनेमा म्हणतात. फाईल लहान, प्रोजेक्टर कमी ताकदीचा. पण किल्ली आणि मुदतीचं तत्त्व तेच.

इंजिनीअर म्हणून मला हे डिझाईन आवडतं. चोरी थांबवायला ते लागतंच. पण त्याने टॉकीजच्या मालकाचं काय झालं ते बघा. रिळाला तारीख कळत नव्हती. पेटी गावात आली की ती चालवायला ऑपरेटर पुरेसा होता, आणि मशीन बिघडलं तर लेथवर पार्ट करून देणारा मिस्त्री जिल्ह्यात सापडायचा. आता सर्व्हर बंद पडला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत शो नाही. मशीन बऱ्याचदा भाड्याचं. इमारत आणि खुर्च्या मालकाच्या, पण सिनेमा सुरू होईल की नाही हे गावाबाहेरून ठरतं.

यात पैशाचा एक पदर आहे. डिजिटलने प्रिंटचा खर्च वाचला, मग नव्या यंत्रांचा खर्च भरायचा कोणी? यासाठी 'व्हर्च्युअल प्रिंट फी' आली. निर्माता किंवा वितरक प्रत्येक थिएटरसाठी डिजिटल कंपनीला पैसे देतो. यावरून भांडणं झाली. मार्च २०१८ मध्ये तामिळ निर्मात्यांनी याच फीच्या विरोधात नवे सिनेमे लावणं थांबवलं, आणि ते जवळजवळ दीड महिना चाललं. मोठ्या निर्मात्याला ही फी किरकोळ आहे. लहान मराठी निर्माता मात्र हिशोब करतो की ज्या गावात वीस लोक येणार, तिथली फी भरू कशाला? मग त्या गावात तो सिनेमा लागतच नाही.

ज्याला डिजिटल परवडलं नाही त्याला जुन्यावर थांबायची सोयही उरली नाही. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. पॅरामाउंटने २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेत प्रिंट पाठवणं बंद केलं. फिल्मच मिळेना, तर मशीन कितीही चांगलं असलं तरी लावणार काय? या दोन-तीन वर्षांत शटर ओढलेल्या टॉकीजसमोर तुमचा-आमचा फोन उभा नव्हता. तेव्हा आमच्याकडे इंटरनेटचा एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचे.

फोन नंतर आला, आणि त्याची तारीख सांगता येते. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, शूटिंगही त्याच पट्ट्यात, आमच्या भूम-परांड्याला लागून. साताऱ्याकडे रहिमतपूरच्या थिएटरात तर मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे शो लावावे लागले. गावाकडचा माणूस थिएटरला येत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं तेव्हा बंद झाली होती. त्यानंतर सव्वाचार महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. रात्री पडद्यासमोर रांग लावणाऱ्या त्याच पोरांच्या हातात त्याच वर्षी फुकट डेटा आला. डिजिटलचा खर्च कसाबसा पेलून उभ्या राहिलेल्या टॉकीजला हा दुसरा दणका, आणि २०२० चा लॉकडाऊन तिसरा.

बंद म्हणजे नक्की काय?

मला या विषयातलं सगळ्यात मजेदार काम वाटलं ते हे. समजा, महाराष्ट्रातल्या थिएटरांचा डेटाबेस करायचाय. नाव, गाव, उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख. एक टेबल, चार कॉलम, झालं काम. आर्यन यात नीट बसतं: १९१५ ला सुरू, १९८३ ला पाडलं. आज मंडईजवळ गाडी लावणाऱ्याला आर्यन आणि मिनर्व्हा ही वाहनतळांची नावं वाटतात, ती मुळात थिएटरांची.

पण पुण्याचं प्रभात घ्या. १९३४ ला किबे लक्ष्मी थिएटर म्हणून उभं राहिलं, पुढे प्रभात नावाने ऐंशी वर्षं मराठी सिनेमाचं घर झालं. २०१४ संपता संपता चालवणाऱ्यांचा करार संपला आणि प्रभात 'बंद' झालं. बातम्या आल्या, लोक हळहळले. नंतर मालकांनी त्याच इमारतीत किबे लक्ष्मी या जुन्या नावाने पुन्हा सिनेमे सुरू केले. आता बंद झाल्याच्या कॉलममध्ये काय लिहाल? मुंबईचं इरॉस १९३८ चं. काही वर्षं बंद होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आयमॅक्स पडदा घेऊन उघडलं. तेच थिएटर म्हणायचं की नवं?

माझं मत असं की इमारत, नाव, चालवणारा आणि यंत्र या चार गोष्टींच्या तारखा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. टॉकीज एकदम मरत नाही. आधी रात्रीचा शो जातो, मग फक्त सणासुदीला उघडते, मग परवान्याचं नूतनीकरण राहतं, मग आत लग्नाचं सामान ठेवायला देतात. इमारत तशीच उभी राहते, कारण थिएटरच्या जागेवर नवं बांधायचं तर थिएटरचा काही हिस्सा ठेवावा लागतो अशी राज्यातली जुनी अट आहे. थिएटरमालक ती काढा म्हणून कित्येक वर्षं मागणी करतायत. अटीचा हेतू चांगला. मोठ्या शहरात तिने थोडेफार पडदे वाचले असतील. जिथे गुंतवणूक करणारा कोणी येत नाही, तिथे मात्र ती फक्त पिंपळ उगवलेल्या भिंती वाचवते.

गावाकडे तारीख विचारली की उत्तर वर्षात येत नाही. गेल्या दिवाळीत भूमला एका काकांशी बोलत होतो, ते तरुणपणी जत्रेतल्या तंबूवर कामाला जायचे. तंबू शेवटचा कधी लागला विचारलं तर म्हणाले, "भूकंपाच्या आधी, माहेरची साडी लागला होता बघ." भूकंप किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३. 'माहेरची साडी' १९९१ चा, पण तंबूत पोचायला वेळ लागणार. म्हणजे १९९२ किंवा ९३ ची जत्रा. एका वाक्यातून वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने तारीख निघाली. इतकी अचूकता मला गूगल मॅप्सवर मिळाली नसती. मॅप्सवर 'कायमचे बंद' असं लाल अक्षरात दिसतं, पण कधीपासून ते नाही.

तुम्हाला तुमच्या गावचं शोधायचं असेल तर कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या उपग्रह चित्रांची सोय आहे. टॉकीजचं लांबलचक पत्र्याचं छप्पर वरून सहज ओळखू येतं, आणि ते कोणत्या दोन चित्रांच्या मध्ये गायब झालं ते कळतं. सापडलेली माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. तिथे वापरात नसलेल्या थिएटरची वेगळी नोंद करता येते, सुरू-बंद वर्षांसह.

खरा खजिना मात्र ऑनलाईन नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत राज्याचा करमणूक कर होता आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयातली करमणूक कर शाखा वसूल करायची. थिएटरचा परवानाही तिथूनच. १९५३ च्या कायद्याखाली परवान्याशिवाय पडदा लावता येत नव्हता, फिरत्या तंबूलासुद्धा नाही. कर तिकिटावर होता, म्हणजे कोणत्या टॉकीजने किती तिकिटं विकली हे सरकारला कळवावं लागायचं. टॉकीज आजारी कधी पडली आणि गेली कधी, याचा इतका नेमका डेटा दुसरीकडे नाही. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी निजामाचं राज्य, त्यामुळे त्याआधीचं काही असलंच तर ते उर्दूत असणार.

अडचण अशी की सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि कायम न ठेवायचे कागद मुदत संपली की नष्ट करतात. करच २०१७ ला संपला, म्हणजे ज्या रजिस्टरांना दहा वर्षांची मुदत असेल त्यांच्यातल्या शेवटच्यांची २०२७ मध्ये संपेल. त्याआधीची जात असणार किंवा गेलीही असतील.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. 'टॉकीजची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहू नका, तसे अर्ज परत येतात. तालुक्याचं नाव घाला, वर्षं घाला, आणि तीनच गोष्टी मागा: चित्रपटगृह परवाना नोंदवहीची प्रत, फिरत्या चित्रपटगृहांना दिलेल्या परवान्यांची यादी, आणि करमणूक कराच्या रजिस्टरांपैकी कोणती नष्ट केली आणि कधी, याची नोंद. प्रत महाग पडत असेल तर 'अभिलेख पाहणी' मागा. तिथे बसून वाचता येतं, टिपून घेता येतं. भूम तालुक्यासाठी असा अर्ज मी धाराशिवला टाकलाय. परांडा, वाशी, कळंबकडचं कोणी टाकणार असेल तर खाली लिहा, वर्षांचे रकाने एकसारखे ठेवू, म्हणजे नंतर सगळं एकाच टेबलात बसेल.